डॉक्टरांचं इंग्रजी

अक्का, तुम्हाला माती देऊन आज बावीस दिवस झाले आणि मी अजून एकाच प्रश्नापाशी अडून बसले आहे. तुम्हाला कळलं होतं की नव्हतं? लोक भेटायला येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, चहा पिऊन जातात. मी मान डोलावते आणि आत हेच चालू असतं. तम्माण्णा सगळ्यांना सांगतात, "शेवटपर्यंत काय कळलं न्हाय अक्काला. सुखानं गेली." तुमचे धाकटे भाऊ ते, त्यांना तसं वाटणं सोयीचंही आहे. माझा त्यांच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्या गप्प राहण्यावरही बसत नाही.

संशय हा माझा जुना आजार. वडील रत्नागिरीला कोर्टात कारकून, त्यामुळे शिक्का बघितल्याशिवाय कागद खरा मानायचा नाही ही घरची शिकवण. लग्नाची पत्रिका आली तरी ते आधी उलटून मागची बाजू बघायचे. लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तर इथे सगळाच मोकळाढाकळा कारभार. ओळखदेख नसताना "या पावणं, बसा" म्हणणारी माणसं, आणि मला प्रत्येक आग्रहामागे यांचं काहीतरी काम असणार असं वाटायचं. तुम्ही म्हणायचात, "सुनंदा, तुला देवळातला अंगारा दिला तरी तू त्यो हुंगून बघशील." पण तुम्हीही काही भोळ्या नव्हतात. मी माणसांवर संशय घ्यायची, तुम्ही शब्दांवर घ्यायचात, एवढाच काय तो फरक.

शिवाजी पेठेतली, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची तुमची खोली मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या नोकरीच्या अर्जामुळे. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. हायस्कूलची नोकरी सोडून तुम्ही इंग्रजीचा क्लास काढला होता आणि तुम्ही अर्जही तपासून देता असं कुणीतरी सांगितलं होतं. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, हातात लाल पेन. तुम्ही अर्ज वाचला आणि शेवटची ओळ खोडलीत. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू युवर फेवरेबल रिप्लाय.' मी म्हटलं, सगळे असंच लिहितात.

"समदी लिवत्यात म्हणून तर खोडतो," तुम्ही म्हणालात. "लुकिंग फॉरवर्ड म्हंजे नुसती वाट बघणं न्हवं, आनंदानं वाट बघणं. तुला आनंद हुतोय का त्या सायबाच्या उत्तराची वाट बघताना?"

"आनंद कसला, पोटात गोळा येतो."

"मग खोटं का लिवतीस?"

बाई असून 'खोडतो' म्हणणाऱ्या, बोलताबोलता मध्येच कानडीत शिरणाऱ्या या बाईंना इंग्रजी येतं तरी का, अशी शंका मला तेव्हा आली होती. इतक्या वर्षांत हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. क्लासला यायला लागल्यावर महिनाभर मी घरी जाऊन तुमचा प्रत्येक शब्द डिक्शनरीत पडताळून बघायची, आणि एकदाही तुमची चूक सापडली नाही याचा मला चक्क राग यायचा.

क्लासचा नियम एकच होता. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं आणि खरं पाहिजे. बागेतली फुलं, राम आणि त्याचा भाऊ, हे सगळं तुम्ही दारातूनच परत पाठवायचात. त्यामुळे तुमच्या क्लासात इंग्रजी किती शिकून व्हायचं कोण जाणे, पण पेठेतल्या घराघरातलं कळायचं. बिद्रीहून साखर कारखान्यातला वजनकाट्यावरचा एक कारकून यायचा. त्याने 'लुक फॉरवर्ड'चं वाक्य दिलं, मी माझ्या रिटायरमेंटकडे डोळे लावून बसलो आहे. तुम्ही विचारलंत, "किती वर्षं ऱ्हायली?" तो म्हणाला, बावीस. तुम्ही जरा वेळ त्याच्याकडे बघितलंत आणि वाक्य बरोबर धरलंत. एका बाईने 'होप'चं वाक्य दिलं, माझा नवरा रविवारी घरी येणार नाही अशी मला आशा आहे. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. क्लास सुटल्यावर तिला थांबवून घेतलंत आणि मला खाली पाठवलंत.

पुढचं बघण्याची ही क्रियापदं तुमची फार लाडकी. एकेका शब्दाला तुम्ही इतक्या वेळा उलटंपालटं करायचात की मला माझे वडील आठवायचे. मराठीत आपण सगळ्याला 'अपेक्षा' म्हणून मोकळे होतो, असं तुमचं म्हणणं. स्थळाच्या कागदावर अपेक्षा, परीक्षेत अपेक्षित प्रश्न, आणि कुणी वाईट वागलं की तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. इंग्रजीत तसं चालायचं नाही. 'एक्स्पेक्ट' म्हणायचं तर हातात कारण पाहिजे, मग ती गोष्ट चांगली असो की वाईट. कारण नसेल, नुसतं मन म्हणत असेल, तर 'होप'. ठरलेली गोष्ट, येणारच आहे, तुम्ही फक्त बसून आहात, तर 'अवेट'. आणि 'ॲन्टिसिपेट' हा शब्द पेपरवाले कुठेही ठोकून देतात म्हणून तुमचा त्यांच्यावर जन्माचा राग.

"राधानगरीचं धरण भरलं, आता पाणी येणार हे समद्यास्नी ठावं असतंय," तुम्ही सांगायचात. "घरात बसून पाणी येणार म्हणतंय त्ये एक्स्पेक्ट. आनि आदल्या दिशीच म्हशी सोडून वर न्हेऊन बांधतंय त्ये ॲन्टिसिपेट. ज्येनं म्हस हलवली न्हाय त्येनं त्यो शब्द वापरू नये."

या शब्दांवरून आपलं एक भांडण बारा वर्षं चाललं आणि मिटलं नाही. ज्याची अपेक्षा नाही त्याची आशा धरावी का? माझं म्हणणं, धरू नये, ती स्वतःची फसवणूक. पुरावा नसेल तर गप्प बसावं. तुमचं म्हणणं, पुरावा असेल तिथे आशेची गरजच काय, तिथे एक्स्पेक्ट बसलेलं असतंच की. आशा ही पुरावा नसणाऱ्यांसाठीच केलेली आहे, फक्त ती आशा आहे हे माणसाने विसरू नये. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणायचात, "होप धरावी, पन तिच्यावर स्लॅब टाकू नये." मला हे पटायचं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही, आणि आता भांडायचं कुणाशी?

एक गोष्ट मात्र मी कधी तुमच्यासमोर कबूल केली नाही, ती आता करते. मी कॉलेजातल्या नोकरीसाठी तीनदा मुलाखत देऊन तिन्ही वेळा परत आले होते. घरचे म्हणत, पुढच्या खेपेला नक्की. नवरा म्हणे, होईल गं. शेजारच्या काकूंनी तर उपासही धरला होता. तुम्ही एकट्याच म्हणालात, "न्हाय हुणार तुझं. तिथं माणसं आधीच ठरल्याली असत्यात. तू चौथ्यांदा जाशील आनि परत रडत येशील. त्यापरास माझ्याकडं शिकव." मी चार दिवस क्लासकडे फिरकले नाही. तुम्हाला फुकट हाताखाली माणूस पाहिजे म्हणून तुम्ही असं बोललात, असाही संशय घेतला. पाचव्या दिवशी आले तेव्हा तुम्ही सकाळच्या बॅचची वह्यांची चळत माझ्यापुढे सरकवलीत. पुढची सगळी वर्षं मी जी काही आहे ती त्या खोलीतून झाले. मला जे कुणी सांगत नव्हतं ते तुम्ही तोंडावर सांगितलंत, म्हणून मी वाचले. आणि तुमची वेळ आली तेव्हा मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. निदान मला तशी दाट शंका आहे.

पोटात दुखतंय म्हणून तुम्ही इथल्या डॉक्टरांना दाखवलंत, त्यांनी पुण्याला पाठवलं. पुण्यात आठ दिवस तपासण्या झाल्या. परत आलात तेव्हा तुम्ही निम्म्या झाला होतात, पण दुसऱ्याच दिवशी खाटेवर बसून वह्या तपासत होतात. पुण्याच्या डॉक्टरांचं सविस्तर पत्र कुरिअरने यायचं होतं. तम्माण्णांनी मुद्दाम आपल्या दुकानाचा पत्ता दिला होता. पत्र आलं आणि त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं.

लक्ष्मीपुरीतल्या त्या पाइपांच्या दुकानात स्टुलावर बसून मी ते वाचलं. ऑपरेशनचा उपयोग होईल असं वाटत नाही. चार ते सहा महिने 'एक्स्पेक्ट' करता येतील. घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी. दोन पानांच्या पत्रात 'होप' एकदाही नव्हतं. पुढ्यात मृत्यूची बातमी आणि मी हे मोजत होते, इतकी तुम्ही मला बिघडवून ठेवली होती.

मी तम्माण्णांना मराठीत सांगितलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्यांनी उठून त्याला दीड इंची पाइप दाखवला, भाव सांगितला, घासाघीस केली. गिऱ्हाईक गेल्यावर परत येऊन बसले आणि मग रडले. रडून झाल्यावर पहिलं वाक्य म्हणाले ते हे, "अक्काला सांगायचं न्हाय."

मी पत्राची घडी घातली.

"आमच्यात पेशंटला सांगत न्हाईत, सुनंदाताई. सांगितलं की मानूस आदीच खचतंय."

माझ्या माहेरीही सांगत नाहीत. एरवी आम्ही पोस्टमनवरसुद्धा संशय घेतो, पण या एका बाबतीत सगळं घर एका सुरात खोटं बोलतं आणि आजारी माणूस ते खरं मानतो, किंवा मानल्यासारखं करतो. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. अडचण वेगळीच होती, आणि ती तम्माण्णांच्याच लक्षात आली. दुसऱ्या कुठल्याही घरात इंग्रजी पत्र हातात घेऊन वाटेल तसं वाचून दाखवता आलं असतं. तुमच्या घरात इंग्रजी येणारं एकच माणूस होतं आणि तेच आजारी होतं.

"ती पत्र मागंल की," तम्माण्णा म्हणाले. "काय तरी द्यायला पायजे हातात. तुमी लिवा."

मी लिहिलं, अक्का. क्लासला तेव्हा कॉम्प्युटर आलेला होता, तुम्ही त्याला हात लावत नव्हतात. पत्राच्या मजकुरावर कोरा कागद धरून मी हॉस्पिटलच्या नावापुरती झेरॉक्स काढून आणली आणि त्या कागदावर माझं पत्र छापलं. तीनदा लिहिलं. पहिला मसुदा फाडला, कारण त्यात 'आम्ही संपूर्ण सुधारणा एक्स्पेक्ट करतो' असं वाक्य होतं आणि माझा हात पुढे जाईना. कारण नसताना एक्स्पेक्ट कसं लिहायचं? तुमच्या क्लासात बारा वर्षं काढल्यावर मला धड खोटंही बोलता येत नव्हतं. मग मी असं पत्र रचलं की त्यातलं एकही वाक्य सरळसरळ खोटं ठरू नये. अशक्तपणा काही आठवडे राहील असं आम्ही एक्स्पेक्ट करतो. त्यानंतर आराम पडेल अशी आम्ही होप करतो. भूक कमी होईल हे ॲन्टिसिपेट करून आम्ही औषधं बदलली आहेत. शेवटी डॉक्टर लोक लिहितात तसं, पुढच्या भेटीची वाट पाहत आहोत, लुकिंग फॉरवर्ड. आणि सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट म्हणजे ते लिहिताना मला मजा येत होती. शब्द आपापल्या जागी बसत होते. तुमच्या मरणावर मी इतकी सुबक शब्दरचना करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तम्माण्णांनी ते तुमच्या हातात दिलं. मी दारापाशी उभी होते. तुम्ही चष्मा लावलात आणि निबंध तपासतात तसं ओळीखाली बोट धरून वाचलंत. एकदा वाचून झाल्यावर बोट परत वर नेलंत आणि मधल्या एका ओळीपाशी थांबवलंत. कोणती ओळ ते मला उभ्या जागेवरून दिसत नव्हतं, पण माझी खात्री आहे की म्हशीवाला शब्द त्याच ओळीत होता.

"झेरॉक्स हाय ही," तुम्ही म्हणालात. "मूळ पत्र?"

"फायलीला लावलंय, अक्का," तम्माण्णा म्हणाले.

"बरं." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "डॉक्टरचं इंग्रजी चांगलं हाय की. जिथल्या तिथं शब्द टाकलाय."

"पुण्याचे आहेत ना," मी म्हटलं.

"व्हय. पुण्याचं असंल." तुम्ही पत्राच्या चार घड्या घातल्यात आणि उशीखाली ठेवलंत. त्यानंतर त्या पत्राचा विषय तुम्ही कधी काढला नाहीत.

तिथून माझे पाच महिने कसे गेले हे तुम्हाला सांगायला पाहिजे. मी तुमच्यावर पाळत ठेवली. आजारी माणसाला भेटायला यावं तशी येत होते, मोसंबी सोलून देत होते, आणि सगळा वेळ तुमचा चेहरा वाचत होते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, जूनपासूनच्या सगळ्या बॅचा तूच बघ. मला वाटलं, कळलं यांना. मग म्हणालात, मला मेला जिना चढवत नाही म्हणून. मला वाटलं, नाही कळलं. हायस्कूलच्या लायब्ररीची दोन पुस्तकं तुमच्याकडे कितीतरी वर्षं पडून होती, ती तुम्ही तम्माण्णांच्या बायकोच्या, वहिनींच्या, हाती परत पाठवलीत. माझी परत खात्री झाली. आणि त्याच महिन्यात तुम्ही तम्माण्णांना घेऊन चष्म्याचा नंबर बदलून आलात, नवी फ्रेम पसंत करून, आरशात दोनदोनदा बघून. जाणारं माणूस नवा चष्मा कशाला करेल? त्यावर मी दोन दिवस डोकं चालवलं. मग मनात आलं, हा चष्मा आम्हाला दाखवायला तर नसेल?

एकदा पेठेतल्या पोरांनी मॅच जिंकली आणि हलगी वाजवत मिरवणूक घरावरून गेली. तुम्ही खिडकीशी बसून बघत होतात. कुणीतरी खालून ओरडलं, "अक्का, पुढल्या वर्षी बी आपलाच कप हाय." तुम्ही हात वर केलात आणि हसलात. ते हसणं मी नंतर कितीतरी वेळा उकलून बघितलं. आनंदाचं होतं, की पुढलं वर्ष हा शब्द ऐकून आलेलं होतं? अक्का, तुम्ही नुसत्या हसल्याही असाल. मी तुम्हाला साधं हसूही दिलं नाही, त्याचाही पंचनामा केला.

तुम्ही गेल्यावर वहिनींनी अंथरूण झाडलं तेव्हा ते पत्र निघालं. तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून माती दिली होती. आमच्याकडे जाळतात, त्यामुळे मला ते बघवेल की नाही असं वाटलं होतं. पण तुम्ही बसलेल्या होतात म्हणून मला उलट धीर आला. घरी आल्यावर वहिनींनी पत्र माझ्या हातात दिलं. "इंग्रजीतलं हाय, तुमीच ठेवा," म्हणाल्या. मी ते उलगडलं आणि आधी उलटून मागची बाजू बघितली. मग पुढची.

त्यावर लाल पेनाची एकही खूण नव्हती. तुम्ही बँकेचं पत्र लाल करायचात. लग्नाच्या इंग्रजी पत्रिका लाल करायचात आणि त्या लाल केलेल्या पत्रिका घेऊनच लग्नाला जायचात. 'लुकिंग फॉरवर्ड' दिसलं की तुमचा हात आपोआप पेनाकडे जायचा. त्या ओळीवरून तुम्ही मंत्र्यालाही सोडलं नसतंत, आणि पुण्याच्या डॉक्टरला सोडलंत? मी तम्माण्णांना म्हटलं, बघा, यांना कळलं होतं, नाहीतर खोडलं असतं. ते म्हणाले, "आजारी मानूस, सुनंदाताई. पेन कुठं उचलतंय हातात." पण त्याच उशीपाशी तपासलेल्या वह्या होत्या, लालेलाल झालेल्या. मला वाटतं, पत्र माझं आहे हे तुम्ही ओळखलंत म्हणून त्यावर खूण केली नाहीत. खूण केली असतीत तर मला कळलं असतं की तुम्हाला कळलं आहे. तुम्ही मला लाज वाटू दिली नाहीत. असं असेल तर माझ्यावर तुमचे उपकारच आहेत, आणि असं असेल तर मला तुमचा रागही येतो. पाच महिने रोज समोर बसत होते मी. लोकांच्या तोंडावर खरं बोलणारी बाई तुम्ही, एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

हे लिहिलं आणि थांबले. कारण हे खरं नाही, अक्का. तुम्ही बोलला होतात. एवढी पानं मी त्या दुपारच्या कडेकडेने फिरते आहे.

तुम्ही जाण्याच्या नऊ दिवस आधीची दुपार. वहिनी बाजारात गेल्या होत्या. तुमचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. तुम्ही आपणहून तुमच्या वडिलांचं काढलंत. मी त्यांच्याबद्दल तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"अप्पाचा रिपोर्ट मीच वाचला हुता," तुम्ही म्हणालात. "घरात इंग्रजी येणारं मी एकटंच. काका म्हणालं, अप्पाला सांगू नको. मी सांगितलं, काय न्हाय अप्पा, अल्सर हाय. त्यो माझ्याकडं बघत ऱ्हायला. मग रोज हाक मारायचा. गौरा, बस गं जरा. मी बसत न्हवतो. पाणी भरायचं हाय म्हणायचो, शाळेला उशीर हुतोय म्हणायचो. मला वाटायचं, बसलो तर त्यो विचारंल."

मी मोसंबीच्या बिया काढत होते. मान वर केली नाही.

"आता वाटतंय, त्येनं काय इचारलं नसतं," तुम्ही म्हणालात. "त्येला ठावंच हुतं. नुसतं बोलायचं असंल त्येला. भ्या वाटत असंल. एकट्यानं किती भ्यायचं मानसानं?"

पंखा फिरत होता. तुम्ही नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघत होतात. मग तुम्ही खाटेच्या कडेवर हात ठेवलात, शेजारी जागा केलीत आणि म्हणालात, "सुनंदा, बस गं जरा."

मी उठले. ताटली मोरीत ठेवली, हात धुतले, पदराला पुसले. म्हटलं, "क्लासची वेळ झाली, अक्का. पोरं येऊन थांबली असतील. उद्या येते."

"बरं," तुम्ही म्हणालात.

क्लास साडेपाचला होता. तेव्हा चार वाजले होते.